परक्या रक्ताचे चार महिने

मुलगी तीन दिवसांची असताना पिवळी पडली, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. ब्लड ग्रुप, म्हणजे रक्ताचा गट, बी निघाला. माझ्या कागदावर ओ होता. रक्ताच्या बाटलीच्या बदल्यात बाटली द्यावी लागते म्हणून यांनी रक्त दिलं होतं, त्यांचाही ओ. दोन ओंचं मूल बी होत नाही, असं नर्स बोलून गेली आणि सासूबाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं.

"कागद खोटं बोलते का वं?"

"मंग मी बोलते का?"

यांनी काहीच विचारलं नाही. ते बरं, असं तुम्हाला वाटेल. कामठीला घरी आल्यावर हे हातमागाच्या कामावरून येत, जेवत आणि पाळण्याला वळसा घालून जात. एकदाही पोरीला उचललं नाही.

डीएनए तपासणी तेव्हा नव्हती. हा कागदच शेवटचा शब्द. मला घरात बसवेना, उभं राहवेना. रागाने दूध आटेल की काय, अशी भीती वाटायची.

सव्वा महिन्याने, बाळंतपण केलेल्या डॉक्टरबाईंना कागद दाखवला. त्यांनी तारीख, वेळ पाहिली.

"बाळंतपणात तुमचं रक्त फार गेलं. ट्रान्सफ्यूजन केलं, म्हणजे दुसऱ्याचं रक्त चढवलं. घाईत ओच्या सहा बाटल्या, ओ कोणालाही चालतं. नमुना घेतला तो त्यानंतर. हा गट त्या रक्ताचा असेल. त्या पेशी चार महिन्यांत मरतात. तोवर थांबा."

थांबले. बोटाला सुई टोचली तरी वाटायचं, हे कोणाचं? पण त्या सहा अनोळखी माणसांवर राग नव्हता. त्यांच्यामुळेच तर भांडायला उरले होते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर आधी विचारा: नमुना रक्त चढवण्याआधीचा की नंतरचा?

पाचव्या महिन्यात पोरीला घेऊन यांच्यासोबत बसने गेले. नमुना दिला आणि दोन तास बाकावर काढले. हे चारदा उठून पाणी पिऊन आले.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "बी. तुमचा गट जन्मापासून बीच."

यांचे डोळे भरले. "दे वं, माह्याजवळ दे तिले."

मी दिली. पोर यांच्या खांद्यावरून माझ्याकडे वळून जीव तोडून रडायला लागली. बाकावरच्या बाईने विचारलं, "काहून रडून राहिली वं एवढी? कोन हायत हे तिचे?"

"बाप हाय," मी म्हटलं. "वळख व्हायची हाय."