बिटाच्या फडातला मुकादम

मी जर्मनीला निघालो तेव्हा आमच्या घराला कुलूप होतं. दसरा उलटला की खर्ड्याकडची निम्मी वस्ती ऊसतोडीला बाहेर पडते. आई-आप्पा तेव्हा राहात्याजवळच्या एका फडात होते. म्हणून निरोप घ्यायला मी गावी गेलोच नाही. नवी बॅग घेऊन थेट फडात गेलो.

आई वाकून ऊस तोडत होती. मला बघून सरळ झाली आणि म्हणाली, "जेवलास का?" आप्पांनी एवढंच विचारलं, "परत यायचं तिकीट काढलंय ना?" नव्हतं काढलं. तरी मी हो म्हणून मान हलवली.

तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवरून आला. टोळी आणणारा, काम वाटून देणारा माणूस. आवाज साखरेसारखा. "शांताबाई, पोरगं इलायतीला निघालं म्हनं! नशीब काढलं तुमी. बोला, निवांत बोला लेकराशी." आईचा चेहरा फुलला. मग तो त्याच आवाजात पुढे म्हणाला, "ट्रॉली तेवढी दुपारच्या आत भरून द्या, म्हंजे झालं." आई तशीच खाली वाकली. झाला निरोप. डांबरी रस्त्यावर येऊन मी मागे वळून पाहिलं, तर पाचटात दोन पाठी तेवढ्या दिसत होत्या.

हे मी कुणाचे डोळे ओले करायला लिहीत नाही. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून लांब गेलेल्यांनो, मी जिंकलोय आणि ते सांगायला बसलोय. फुशारकी वाटली तर वाटू द्या. आमच्या घरात फुशारकी मारायची पहिली पाळी माझीच आहे.

आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नगरला बी.ए. केलं, तिथे एकांकिकांचा नाद लागला. पुढे सुप्याला एमआयडीसीत पॅकिंगला होतो. तिथल्या मशिनींवरच्या पाट्या जर्मन. त्या वाचता याव्यात म्हणून पुण्याला रविवारचा क्लास लावला आणि त्या भाषेत अडकलो. इकडे आलो तो एका वृद्धाश्रमात वर्षभर सेवेचं काम करायला. तिथे एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांना मी रोज पेपर वाचून दाखवायचो. एक उच्चार चुकला की त्या काठी आपटायच्या आणि अख्खा परिच्छेद पुन्हा वाचायला लावायच्या. माझी जर्मन त्या काठीनं घडवली. मग नाट्यशाळांच्या प्रवेशपरीक्षा दिल्या. चार ठिकाणी नापास झालो, पाचव्या ठिकाणी घेतलं. तिथून बाहेर पडलो ते थेट एका छोट्या शहराच्या थिएटरात, कायमच्या नटमंडळात.

नगरला तालमीला जागा मिळावी म्हणून शिपायाच्या मागे फिरायचो. इथे तालमीला प्रोबं म्हणतात, आणि दहाची प्रोबं म्हणजे दहाला पाच मिनिटं कमी असताना सगळे हजर. तिकडे पाहुणा आधी घरात यायचा, मग कळायचं कोण आलंय. इथे शेजाऱ्याकडे चहाला जायचं तरी टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, लागते. सवय झाली. आवडायलाही लागलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र खुपायची. पहिल्या दोन वर्षांत मी टॅक्सीवाला केला, निर्वासित केला, हॉटेलातला आचारी केला, परत निर्वासित केला. रंगमंचावर मी आलो की बाहेरून कुणीतरी आलंय हे लोकांना न सांगता कळायचं.

आमच्या या शहराबाहेर साखर कारखाना आहे. इथली साखर उसाची नाही, पांढऱ्या बिटाची. जुन्या काळी बिटाच्या हंगामात परमुलखातून टोळ्या यायच्या, बायका-पोरांसकट, आणि शेताकडेला झोपड्यांत राहायच्या. त्यांच्यावर एक नवं नाटक बसवायचं ठरलं. संहिता वाचताना मला घाम फुटला. अरे, हा तर आमचाच फड! त्यात टोळीवरचा मुकादम होता, इथलाच, पक्का जर्मन. मी दिग्दर्शिकेकडे गेलो. तिचं नाव उटे. माझ्या आईच्या वयाची, पण थिएटरात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात.

"मला मुकादम दे," मी म्हणालो.

उटे सरळ बाई. ती म्हणाली, "लोकांना पटणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचा इथला मुकादम, आणि चेहरा तुझा? तू मजूर कर. तो तुला शोभेल."

"म्हणजे मी जन्मभर बाहेरचाच?"

तिनं भूमिकांच्या यादीत खूण केली. मजूर माझ्या वाट्याला आला. मुकादम गेला डीटरकडे. डीटर म्हणजे आमच्या थिएटरातला सगळ्यात जुना नट. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमावा. त्या दिवशी मला कळून चुकलं की हा मुकादम हुकला तर माझ्या कपाळी टॅक्सीवालाच लिहिलाय. इथल्या लोकांनी मला त्यांच्यातला म्हणून पाहायचं की नाही, याचा निकाल या एका भूमिकेवर लागणार होता.

आता माझी चूक सांगतो. नगरच्या आमच्या ग्रुपमध्ये तालीम म्हणजे चावडी. प्रत्येक जण प्रत्येकाला शिकवायचा, चहावालासुद्धा. "काय रे, प्रेत असं पडतं व्हय?" म्हणून तो आम्हाला पडून दाखवायचा. इथे तसलं चालत नाही. एका नटानं दुसऱ्या नटाची चूक काढायची नाही, ते काम फक्त दिग्दर्शकाचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण नाट्यशाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

प्रवेश असा होता, की एक मजूर बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन मुकादमाकडे सुट्टी मागायला येते. डीटर टेबलावर मूठ आपटून गरजायचा. रोज गरजायचा. मी कोपऱ्यात बीट छाटायचा सुरा घेऊन उभा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मुकादम असा ओरडत नसतो!"

सगळं थांबलं. डीटरनं सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं झाली तुला या थिएटरात?"

"दोन."

"मला तीस." त्यानं डोक्यावरची मुकादमाची टोपी काढून माझ्या हातात कोंबली. "घे. शिकव आम्हाला, प्रोफेसर."

दोघंतिघं हसले. मी उटेकडे पाहिलं. ती सावरून घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दाखव की."

मी सुरा खाली ठेवून टोपी घातली. टेबल सोडून त्या बाईजवळ उकिडवा बसलो. लेकराचं नाव विचारलं. कपाळाला हात लावला, आणि पोटातून कळवळल्यासारखं म्हणालो, "अगं, किती तापलंय हे. जप हं त्याला." तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग तसाच बसून, तेवढ्याच मायेनं म्हणालो, "या चार सऱ्या तेवढ्या अंधाराच्या आत उरक, म्हणजे झालं." बाईचं काम करणारी काट्रिन पुढचं वाक्य विसरली. मी ठेवलेला सुरा उचलून ती नुसती वाकली. उटेनं लगेच जेवणाची सुट्टी दिली.

मी कँटीनमध्ये एकटा बसलो. आता संपलं, मजूरही जाणार, असं धरूनच चाललो होतो. डीटर ताट घेऊन आला आणि समोर बसला.

"हे कुठे शिकलास?"

"आमचा मुकादम माझ्या आईशी असंच बोलायचा."

त्यानं ताटातला बटाटा काट्यानं फोडला. मग म्हणाला, "उटेला मी सांगितलंय. मुकादम तू कर, मी मजूर करतो. पण सुरा कसा धरायचा ते शिकव. मी बीट कधी ताटाबाहेर पाहिलेलं नाही." आणि उठता उठता, "शिवाय ओरडून ओरडून माझा घसा गेलाय, प्रोफेसर."

दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर मुकादमापुढे माझं नाव होतं. मी फोटो काढला. डीटरला मी कमरेतून वाकायला शिकवलं. आधी डाव्या हातानं धरायचं, मग उजव्यानं छाटायचं. पहिल्या दिवशी त्याची पाठ धरली, तेव्हा त्यानं जर्मनमधल्या सगळ्या शिव्या मला शिकवल्या.

आप्पांना फोन केला. मुकादम करतोय म्हणून सांगितलं. "मुकादम? दुसरं कंचं सोंग न्हाई घावलं तुला?" मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही या. बघून ठरवा." त्या हंगामात आई-आप्पा पहिल्यांदा फडावर न जाता विमानात बसले. रस्त्याकडेला बिटाचे ढीग बघून आईनं मला गाडी थांबवायला लावली. एक उचललं, पुसलं, चावलं. "ग्वाड हाय," ती म्हणाली, "पन तोंड भरून रस न्हाई सुटत. ह्यांचं हेच्यावर भागतं व्हय?"

पहिला प्रयोग झाला. पडदा पडला. मग टाळ्या, आणि लोक उभे राहायला लागले. एक रांग, दुसरी, सगळ्या. डीटरनं माझा हात धरून मला पुढे ढकललं. पेपरात दुसऱ्या दिवशी मला "आपल्या शहराचा नट" म्हटलं होतं. तो प्रयोग पाहूनच एका टीव्हीवाल्यानं बोलावलं. आता मालिकेत मी पोलीस इन्स्पेक्टर आहे, नाव अस्सल जर्मन, आणि बेकरीतली बाई मला पाव देताना "या, साहेब" म्हणते. पण हे नंतरचं.

त्या क्षणी मी पहिल्या रांगेत बघत होतो. आई उभी होती, पदर सावरत टाळ्या वाजवत होती. आप्पा खुर्चीत, पायावर पाय टाकून. सगळ्या सभागृहात तेवढे एकटे बसलेले. म्हटलं, बापाला हे सोंग सोसलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आप्पा, राग आला?"

"कशाचा रं?"

"सगळे उठले. तुम्ही नाही उठला."

आप्पा हसले. आप्पा फार हसत नाहीत. "चाळीस वर्सं मुकादमाची गाडी वाजली की उठलो. भाकर हातात असली तरी उठलो. आज बी पाय उठायलाच बघत हुते बघ. म्हनलं, न्हाई. ही गोरी मानसं उठली तं उठू दी. मुकादम आपल्या घरचा हाय, आपन बसायचं."

आई म्हणाली, "मला तरी सांगायचं. मी बी बसले असते."

घर कुठलं, असं हल्ली दोन्हीकडचे लोक विचारतात. इथल्या पासपोर्टावरचं सांगतो, खर्ड्याचंही सांगतो. पण मनात येतं ते तिसरंच. सगळं सभागृह उभं होतं, आणि एक माणूस ओसरीवर बसावा तसा निवांत बसला होता.