चहालाही हात न लावणारा भाऊ

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या मोठ्या भावाला भुसावळकडच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती, फक्त पोलीस चौकशी बाकी होती. नशापाणी करणाऱ्याला तिथे आत घेत नाहीत, एवढं आमच्या पिंप्राळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आमच्या भावानं नुकतीच महाशिवरात्रीला देवळात भांग घोटली होती. नुसती घोटून थांबला असता तर बरं. पेल्यामागून पेले रिचवून तो दुपारभर देवळाच्या पायरीवर हसत बसला होता, तेही सगळ्या गल्लीदेखत.

आईला एरवी खोट्याची भारी चीड. पण तिनं घरोघरी जाऊन बायकांना विनवलं, पोलीस आला तर माझ्या पोराचं वाईट सांगू नका. आमच्या गल्लीला एक सांगावं तर ती चार करते. हवालदार आला तेव्हा पहिल्या घरानं सांगितलं, "पोऱ्या सोनं शे." दुसऱ्या घरानं त्याचं सुपारी खाणंही सोडवलं. शेवटच्या घरापर्यंत "तो चहाले बी हात लावत नही" इथवर मजल गेली.

दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्याकडे आला. आईनं चहा केला. तेवढ्यात भाऊ बाहेरून आला, सवयीनं कप उचलला आणि बशीत ओतून मजेत भुरके मारू लागला. हवालदार बघतच राहिला.

"चहाला हात लावत नाही म्हणे तुम्ही?"

मला हसू आवरेना. भावाचे कान लाल झाले. त्यानं बशी खाली ठेवली. "चहा पितो साहेब. शिवरात्रीला भांगही प्यायलो. एरवी नाही."

हवालदारानं ते लिहून घेतलं, आपला चहा संपवला आणि गेला.

आई उन्हाळाभर भावाशी धड बोलली नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की ती हातातलं काम टाकून दारात यायची, आणि मीही. मला भावाचा राग यायचा, अभिमानही वाटायचा. पण आईसमोर तो दाखवायची माझी छाती नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर नोकरीवर रुजू होण्याचा हुकूम आला. आईनं पेढे आणवले आणि पहिला पुडा गल्लीतल्या बायकांसाठी बाजूला काढला. भाऊ फुरंगटला. "त्यासले पेढा, अन् मी खरं बोलनू त्यानं काय?"

"तू खरं बोलना, अन् मन्हा जीव उन्हायाभर टांगेल व्हता," आई म्हणाली. "त्या खोटं बोलन्यात, त्या रातले मी झोपनी तरी."