सूज नसलेला हात

लातूरच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट उघडले तेव्हा मी मनात म्हणत होते, देवा, थोडी तरी सूज निघू दे. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. अंगभर ठणका, सकाळी उठताना बोटं ताठ, आणि लोकांना दाखवायला काही म्हणजे काही नाही.

"सांध्यांना सूज नाही," डॉक्टर म्हणाले. "हा फायब्रोमायल्जिया. दुखणं खरंच आहे. ते जाणवून देणाऱ्या नसाच जास्त हळव्या झाल्यात. आत कुठे बारीकसा दाह असतो का, यावर अजून अभ्यास चालू आहे." नवऱ्यानं एवढ्यातलं एकच वाक्य उचललं: सूज नाही. मुदखेडला घरी येईपर्यंत तेच चघळत होता. "मंग एवढ्या गोळ्या कशाला खाऊन राहिलीस?"

पुढच्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळला पुतणीचं लग्न होतं. थोरल्या दिरांच्या ओसरीत कासारीण बायकांना बांगड्या भरत होती. माझं कुणी नुसतं मनगट धरलं तरी कळ खांद्यापर्यंत जायची, म्हणून मी सकाळपासून मागे मागे राहत होते. पण लग्नघरात सवाष्णीनं बांगड्या नको म्हणायची सोय नाही. सासूबाईंनी हाक मारली आणि मी हात पुढे केला.

कासारिणीनं पंजा दाबून अंगठा आत वळवला. मी दात आवळून धरले. हिरव्या बांगड्या एकामागून एक चढत गेल्या. एखादी तरी अडावी, असं मला वाटत होतं.

"जुनंच माप बसलं की, माय," कासारीण म्हणाली.

सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला! सूज असती तर चढल्या असत्या का? लई नाजूक हाय आमची सून. ऊठ, कणीक तिंबायला लाग."

बायका हसल्या. दारात नवरा उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता. इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात मला उठवायला जावेनं मनगट धरलं. कळ आली, मी हात हिसडला, तो खांबावर आपटला. काच मनगटात घुसली.

"अगं बाई, बांगडी वाढली! हळद आणा, हळद!"

अख्खं घर धावलं. सासूबाईंनी स्वतःच्या पदरानं रक्त टिपलं. "लई दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मला रडू फुटलं. नवरा सगळ्यांना म्हणाला, "आज तिला काम सांगू नका. हात दुखतोय तिचा."

जखम नखाएवढी. बाकीच्या अंगाच्या ठणक्यात ती मला जाणवतही नव्हती. हळद भरलेलं मनगट छातीशी धरून मी आतल्या खोलीत पडून राहिले, आणि मनापासून वाटलं, ही लवकर भरू नये.