मुक्ताच्या कादंबरीतली आई

कोणतीही कादंबरी चर्चेला आली की शैलजाकाकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "ही बाई दिवसभर करते काय?" अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या लायब्ररीतल्या आमच्या बुक क्लबमध्ये बाकीचे शैलीबद्दल बोलत आणि काकू नायिकेची नोकरी शोधत. "नायकाला दुःख व्हावं म्हणून पहिल्याच प्रकरणात मेलेली बायको, नाहीतर मोठं शहर सोडून गावी परतलेली सुंदर पोरगी! आणि आपल्यातली असली की स्वयंपाकघरात रडणारी आई!" काकू स्वतः औषधांच्या कंपनीत संशोधक. काका लवकर गेले. मुक्ताला त्यांनी एकटीनं वाढवलं.

मुक्ताची पहिली कादंबरी आली आणि त्याच लायब्ररीत वाचन ठरलं. फ्रिस्कोहून आलेल्या मुक्तानं काकूंना आधी प्रत द्यायचं मात्र टाळलं होतं. काकू रेशमी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या, शेजारी मी.

कादंबरीतल्या आईला इंग्रजी येत नव्हतं. दारावरची बेल वाजली की ती लपायची. काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. वाचन संपताच मागच्या एका अमेरिकन आजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "तुम्ही, फार, सोसलंत."

काकू "थँक यू" म्हणाल्या. मुक्तानं ते समोरून पाहिलं.

परतताना गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "इट्स फिक्शन, आई."

"ती माझ्याशी सावकाश बोलली, मुक्ता. मला समजावं म्हणून."

"कादंबरीत मी आधी तुलाच रंगवलं होतं. लॅबमधली. एडिटर म्हणाली, अशी इंडियन आई कुणाला खरी वाटणार नाही."

"आणि तू ऐकलंस."

"मला पुस्तक हवं होतं."

घर आलं, पण कुणी उतरेना. "ती पानं आहेत अजून?" काकूंनी विचारलं. मुक्तानं फोनवर शोधून वाचायला घेतली : नवरा गेल्यावर बर्फातून गाडी हाकत लॅबला निघालेली, जराही न डगमगणारी बाई. मला वाटलं, आता काकू निवळतील.

"हीसुद्धा मी नाही," त्या म्हणाल्या. "मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले होते. दार उघडायची हिंमत होईना. मग कधीतरी उतरले."

"हे तू कधी सांगितलंच नाहीस."

"तू विचारलंस कधी?" काकूंनी दार उघडलं. "चल आत. आता विचार."

पुढच्या उन्हाळ्यात काकू कायमच्या फ्रिस्कोला, मुक्ताकडे राहायला गेल्या. फोन केला की बोलता बोलता मध्येच म्हणतात, "ठेवते गं, मुक्ता खोळंबलीये." मागून तिचा आवाज येतो, "आणि मग, आई?"