दिल्लीच्या झुल्यांचा हंगाम

आमच्या मोठेबाबांनी आयुष्यात एकही गोष्ट अवेळी केली नाही. घोंगडी ते ऐन वैशाखात विकत घेत आणि छत्री पौषात दुरुस्त करून ठेवत. संत्रं झाडाचं असो की फळवाल्याच्या टोपलीतलं, आधी त्याच्या बुडाशी अंगठा दाबून बघत आणि मान हलवून परत ठेवत. ‘हंगाम नाई झाला याचा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत बोअर कधी खणावी, घराला चुना कधी लावावा, पोरीचे कान कधी टोचावे, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. माझे कान त्यांच्या सल्ल्याने थंडीत टोचले होते. ते पिकले नाहीत, हे मला मान्य करावंच लागेल.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे वडील सौंसरला नोकरीला होते, मी मात्र शिकायला पांढुर्ण्याला मोठेबाबांकडे राहत होते. घरात ते, मोठी आई, त्यांचा मुलगा मनोहर आणि मी. मनोहरला सगळे मन्या म्हणत. तो अकरावीत होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि उंचीचा फार गर्व असलेला. सौंसरच्या रस्त्यावर आमचा संत्र्याचा बगीचा होता. तिथे मोठेबाबा राजे होते. झाडांचं पाणी तोडायचं कधी आणि सोडायचं कधी, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. ‘झाडाले ताण देल्याशिवाय फूल येत नाई,’ असं ते म्हणत. हे झाडांपुरतं ठीक होतं. ते माणसांनाही ताण देत.

मोठ्या आईचं माहेर मोहगावचं. मोहगाव काही दिल्ली नव्हे, सकाळी निघालेलं माणूस जेवायला पोचतं. पण तिच्या माहेरपणालाही त्यांनी हंगाम लावून दिला होता. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड झाली की कापूस, कापूस झाला की मिरच्या वाळवणं, ते झालं की झाडांना पाणी. ‘आता कुठं जाऊन राहिली? दम धर,’ असं म्हणत ते तिचं जाणं पुढे सरकवत. ती दम धरी. तिला जन्मभर दुसरं काही धरताना मी पाहिलं नाही. म्हणूनच ज्या दिवशी तिने तोंड उघडून ‘मले फिराले जायचं हाय’ असं म्हटलं, तो दिवस माझ्या लक्षात राहिला.

त्याला कारण झाला दिल्लीचा अडत्या. आमची संत्री दिल्लीच्या बाजारात जात. बगीचा बघायला हा माणूस दर हिवाळ्यात यायचा, मोठ्या आईच्या हातची भाकर चवीने खायचा आणि हिंदीत तोंडभरून आशीर्वाद द्यायचा. त्या वर्षी त्याने एक रंगीत फोटो दाखवला. दिल्लीत मोठमोठ्या झुल्यांचं उद्यान नवीनच झालं होतं, तिथला. फोटोत त्याचं सगळं कुटुंब एका लोखंडी नावेत बसलेलं होतं आणि ती नाव हवेत तिरपी झालेली होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती. ‘बच्चों को एक बार ले आइए, पाटीलजी,’ असं तो म्हणाला. मन्याने तो फोटो हातात घेतला तो अडत्या स्टेशनवर जाईपर्यंत सोडला नाही.

मोठी आईही तो फोटो बघत होती. पण ती झुल्याकडे बघत नव्हती, हे मला पुढे कळलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. इकडून आमचं पांढुर्णा, पलीकडून सावरगाव. झेंडा काढायला एकीकडचे धावतात आणि दुसरीकडचे त्यांना दगडांनी मारतात. दिवसभर हे चालतं. रक्त निघालं की देवीचा अंगारा लावायचा आणि परत पात्रात उतरायचं. ज्याचं डोकं फुटलं त्याचा मान. ज्या घरचा जवान पोरगा त्या दिवशी घरात बसला, त्या घराला लोक पुढे वर्षभर बोलतात. आदल्या वर्षी मन्या पहिल्यांदा काठावरून पात्रात उतरला होता. संध्याकाळी आला तेव्हा सदऱ्यावर रक्त होतं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू तो पहिला नंबर काढून आला होता. मोठ्या आईने सदरा धुतला.

तिने काय ठरवलं होतं ते तिने मला उन्हाळ्यात सांगितलं. आम्ही दोघी छपरीत शेवया वाळत घालत होतो. ‘पोट्ट्याले घरात कोंडता येत नाई,’ ती म्हणाली. ‘मामाकडे धाडलं तं लोक म्हनन, मायनं लपवलं. पन दिल्लीले झुले पाहाले गेला म्हटलं तं कोनाचं तोंड उघडते? आन् तो सोताच खुशीनं येईन.’ मन्याला तिने आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, ‘दिल्ली असन तं मी गोटमार सोडतो. पुढच्या साली पाहू.’ पुढच्या सालचं तिला काही नव्हतं. ‘एक एक साल काढत न्यायचं व,’ ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग होती. एवढी हुशार बाई आपल्या घरात आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तिने दिल्लीचा विषय काढला तेव्हा मोठेबाबा हसले नाहीत की रागावले नाहीत. ते कामाला लागले. एवढ्या मोठ्या सहलीला योग्य वेळ कोणती, हा प्रश्न त्यांना फार आवडला असावा. ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊ लागले. दिल्लीकडून येणारी जी गाडी थांबे, तिच्या खिडक्यांपाशी जाऊन ते उतारूंना विचारत, ‘भैया, उधर मौसम कैसा है?’ लोकांना वाटे हा म्हातारा काहीतरी विकतोय. कोणी नुसतंच ‘नहीं चाहिए’ म्हणे. तरी ते विचारत राहिले. घरी येऊन रोज जेवताना आम्हाला सांगत. हिवाळ्यात तिकडे धुकं, गाड्या उशिरा, वर आपली तोड. होळीनंतर परीक्षा. उन्हाळ्यात लू, लोखंडाच्या झुल्याला हात लावला तर चटका. दिवाळीत भीड, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मन्या मान डोलवत ऐके, मी हसू दाबत असे आणि मोठी आई वाढत असे.

शेवटी एके दिवशी त्यांनी निकाल दिला. दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी. तेव्हा ऊन उतरलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, शाळेला सुट्टी असते, आंबिया तोडायला अवकाश असतो आणि कापसाचाही जोर नसतो. ‘याच्याहून चांगला हंगाम नाई,’ ते म्हणाले. खरंच नव्हता. आजही कोणी मला विचारलं तर मी हेच सांगेन.

मोठी आई म्हणाली, ‘पोळ्याले जाऊ.’

‘पोळ्याले? भर पावसात?’

‘हो.’

‘अवं, पावसात झुले बंद ठेवते तठी. मी विचारून आलो. एवढ्या दूर जाऊन का छपरीखाली बसाचं?’

‘बसू छपरीखाली.’

‘बसाले आपल्या घरची छपरी काय वाईट हाय?’

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मोठेबाबांच्या उजव्या भुवईवर एक जुना व्रण होता. तरुणपणी ते झेंड्यापर्यंत पोचले होते, तेव्हाचा. काही विचार करताना त्यांचं बोट त्या व्रणावर जाई. त्या दिवशी ती बघत होती आणि त्यांचं बोट व्रणावरून फिरत होतं. ती काय मागते आहे हे त्यांना कळलं होतं. मी समोर बसले होते, मला तरी त्यात शंका नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावून पाहिलं की नसेल कळलं, बिचारे संत्र्यातले माणूस. पण ते बोट मला विसरता येत नाही.

‘मौसमाच्या उलट जाऊ नये मानसानं,’ ते शेवटी म्हणाले. आणि मग कोणी काही विचारलं नसताना, ‘देवीचं जे हाय ते हाय. आपन कोन?’ एवढं बोलून ते हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दसऱ्यानंतरची तिकिटं काढायला माणूस पाठवला. बायकोला हवं ते नाकारताना त्यांनी पाऊस पुढे केला. पाऊस मुळात खोटा नव्हताच, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही.

त्या पोळ्याला बैल धुतले, सजवले, पुरण झालं. दुसऱ्या दिवशी मन्या सकाळीच बाहेर पडला. दिल्ली त्याला मिळणारच होती, मग गोटमार सोडायचं कारणच उरलं नव्हतं. जाताना त्याने मला ‘येतो बे’ म्हटलं. मोठेबाबाही काठावर गेले. घरात आम्ही दोघी. नदीकडून आवाज उठे आणि बसे, तसतशी मोठी आई कामं बदलत होती. कधी तांदूळ निवडायला घ्यायची, कधी ते टाकून भांडी. दुपार कलल्यावर चौघांनी मन्याला उचलून आणलं. दगड डाव्या डोळ्यावर बसला होता. मागून मोठेबाबा चालत येत होते. त्यांच्या हातात मन्याची एक चप्पल होती.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरने नुसतं बघितलं आणि नागपूरला न्या म्हणाला. आम्ही रेल्वेत बसलो, पण दिल्लीच्या उलट्या दिशेने. गाडीत मोठ्या आईने मन्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. समोरच्या बाकावर मोठेबाबा बसले होते आणि बाहेर खरोखरच फार पाऊस होता. डोळा वाचला नाही.

दसऱ्यानंतर आम्ही दिल्लीला गेलो. कोणीही ‘नको’ म्हटलं नाही. मोठेबाबा म्हणतील याची मी वाट पाहत होते. त्यांना वाटत असावं मोठी आई म्हणेल. मन्या म्हणाला, ‘जाऊ. फोटोतली नाव पाहाची हाय मले.’ काळा चष्मा लावून तो खिडकीशी बसला, उजवा डोळा बाहेरच्या बाजूला येईल असा.

झुल्यांचं ते उद्यान सुंदर होतं. ऊन कोवळं, वारा मंद, गर्दी अगदी बेताची. कुठल्याही झुल्यासाठी थांबावं लागत नव्हतं. मोठेबाबांचं एकही अनुमान चुकलं नव्हतं. फक्त मन्याला डॉक्टरने धक्क्याची मनाई केली होती, त्यामुळे नावेत मी एकटीच बसले. नाव वर गेली की खाली बाकावर ते तिघं दिसत, नाव मागे गेली की दिसेनासे होत. मी तोंड मिटून बसले होते. उतरल्यावर मन्याने विचारलं, ‘वरून काय दिसते?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’

मोठेबाबा हळूच म्हणाले, ‘ऊन नाई, पानी नाई, भीड नाई.’

‘हो,’ मोठी आई म्हणाली. ‘हंगाम बराबर धरला तुमी.’

तिने आवाज चढवला नव्हता. शेवेचा पुडा उघडून तिने तो आधी मन्यापुढे धरला, मग माझ्यापुढे, मग त्यांच्यापुढे. त्यांनी घेतली नाही. पुढे ती जगली तेवढी वर्षं या विषयावर यापलीकडे एक अक्षर बोलली नाही, आणि मोहगावला जायचं झालं की त्यांना विचारायची बंद झाली. पिशवी भरायची आणि निघायची.

मन्याने बसस्टँडजवळ दुकान टाकलं. गावात त्याला मान आहे. गोटमारीच्या दिवशी लोक त्याला पुढे उभा करतात, आणि तो उभा राहतो. डोळा गेल्यानंतरच्या पहिल्याच पोळ्याला मोठेबाबांनी न विचारता दिल्लीची तिकिटं आणली होती. मन्या म्हणाला, ‘आता कायले, बाबा?’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मोठेबाबा ती तिकिटं परत करायला स्टेशनवर गेले. लोक त्यानंतरही त्यांच्याकडे हंगाम विचारायला येत. झाडांचं ते सांगत. माणसांचं विचारलं की म्हणत, ‘जाय न गा, तुले जवा वाटते तवा.’

मी नागपूरला संसार थाटला. मोठी आई गेल्यानंतर मोठेबाबांना मी अधूनमधून आणत असे. माझा त्यांच्यावरचा राग गेला नव्हता आणि जीवही सुटत नव्हता. त्यांनीच मला शिकवलं, त्यांनीच माझ्या कानांत सोन्याच्या बाळ्या घातल्या. एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि माझ्या मुलांना शहराबाहेरच्या झुल्यांच्या बागेत घेऊन गेले. दर वर्षी त्या दिवशी मी मुलांना कुठेतरी नेतेच, पाऊस असला तरी. नवरा हसतो. त्या दिवशीही पाऊस लागला आणि झुले बंद झाले. आम्ही छपरीखाली बसलो. मुलं कुरकुरत भुट्टे खात होती.

मोठेबाबा थांबलेल्या पाळण्यांकडे बघत होते. त्यांचं बोट भुवईवर गेलं होतं. ते म्हणाले, ‘हाच हंगाम होता व बाई.’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांना मी दुसरं काही म्हणावं असं वाटत होतं, ते माझ्याकडे बघतही होते. मी मुलांची तोंडं पुसायला उठले.