कपिलधारहून तलावापर्यंत : इम्रानने आखलेली वाट

इम्रान मला दोन वर्षं बीडला बोलावत होता आणि मी दोन वर्षं ‘येतो’ म्हणत होतो. दसरा उलटल्यावर एका शनिवारी पुण्याहून एसटीत बसलो, तेव्हा त्याला जाऊन चार महिने झाले होते. कचेरीच्या कामाची एकही तारीख मी चुकवत नाही. हे मात्र राहिलं.

आमची ओळख मुळशीकडच्या एका डोंगरी शर्यतीत झाली. पोटरीत गोळा येऊन मी दगडावर बसलो होतो. पुढे निघून गेलेला एक सडपातळ पोरगा उलटा मागे आला आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. त्यात त्याचा नंबर गेला. बीडला वडिलांच्या गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करतो, म्हणाला. “लोक म्हनतात, बीडमधी काय हाय? एकदा येऊन पळा भाई, मग बोला.” त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. उन्हाळ्यात त्याने मला सांगितलं, की बीडजवळच्या कपिलधारच्या देवळामागून डोंगर चढून बिंदुसरा तलावावर उतरणारी चौदाएक किलोमीटरची वाट तो आखतोय. बाहेरचे लोक येऊन पळतील, म्हणून वळणावळणावर झाडाला चिंधी बांधतोय. घरातली जुनी हिरवी चादर त्यासाठी फाडली होती. जूनमध्ये एका सकाळी त्या कामासाठी मोटरसायकलवर निघाला आणि हायवेवरच्या अपघातात गेला.

बीडच्या स्थानकावर उतरलो तर त्याचे वडील करीमचाचा स्वतः घ्यायला आले होते, तेही गुडघा धरत. मी त्यांना प्रथमच भेटत होतो, पण त्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि मला रिक्षात बसवलं. रविवारी सकाळी त्यांच्या घरी खिचडी-खट्टा (खिचडीबरोबरचं चिंच-तिळाचं आंबट सार) होतं. मी तीनदा वाढून घेतलं आणि मग पळायचं आहे हे आठवून पस्तावलो. चाचा स्वतः काही खात नव्हते. त्यांनी पोराच्या पळण्याबद्दल काही विचारलं नाही, आमच्या दोस्तीबद्दलही नाही. मी बूट बांधत असताना एवढंच म्हणाले, “ती वाट पुरी झालती का, तेवढं बघून ये बेटा. माझ्या पायानं होत न्हाई.”

शेजारच्या रिक्षावाल्याने मला कपिलधारला सोडलं. तिथल्या धबधब्याचं पाणी आता करंगळीएवढं उरलं होतं. देवळात दर्शनाला आलेली मंडळी माझ्या अर्ध्या चड्डीकडे बघून गालात हसत होती. देवळामागून चढ लागला आणि खैराच्या एका फांदीवर मला पहिली चिंधी सापडली. दुहेरी गाठ, मेकॅनिकच्या हाताची.

दुसरी काही सापडेना. मग उलगडा झाला. बालाघाटचे हे डोंगर वर्षातले आठ महिने भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे असतात. उन्हाळ्यात हिरवी चिंधी इथे कोसावरून दिसत असणार. पावसानंतर डोंगर हिरवागार झाला आणि चिंध्या त्यात बुडून गेल्या. मुळशीच्या माणसाने ही चूक केली नसती. ती बीडच्याच माणसाच्या हातून व्हायची. मी दोनदा भलत्या घळीत उतरलो, मोज्यांत कुसळं भरून घेतली आणि त्याला मनातल्या मनात शिव्या देत हसलो. हसता हसता रडू आलं. तिथे बघायला कोणी नव्हतं, म्हणून रडून घेतलं.

वर पठारावर सीताफळांचं रान लागतं. फळांचे डोळे फाकले होते. त्या रानाच्या कडेला एक बोरीचं झाड चिंध्यांनी भरून गेलेलं दिसलं. लाल, पिवळ्या, साडीच्या काठाच्या, पंचवीस-तीस तरी असतील. इम्रानची हिरवी त्यात कुठली, ते कळेना. खाली एक म्हातारी पाटीत सीताफळं रचत होती. तिचं नाव धुरपदाबाई. तिने मला आधी बसवलं, एक पिकलेलं फळ फोडून हातात दिलं आणि मगच कोण, कुठला ते विचारलं.

ह्या चिंध्या कोणी बांधल्या, असं विचारल्यावर तिने सांगितलं, की उन्हाळ्यात एक पोरगा पळत यायचा आणि हिरवं कापड बांधून जायचा. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, त्याची मन्नत (नवस) असणार, झाडात काहीतरी असल्याशिवाय कोणी एवढ्या उन्हात पळत कशाला येईल. मग एकीचं बघून दुसरीने बांधली. धुरपदाबाईनेही लेकीच्या पायासाठी एक बांधली होती. मी म्हटलं, अहो, ती फक्त वाटेची खूण होती. तिने थोडा विचार केला.

“वाटंसाठी कापड? आमाला इचारलं असतं तर वाट सांगितली असती की.” मग पाटीवर फडकं झाकत म्हणाली, “पानी प्यायला थांबायचा त्यो हितं. आता कावून येत न्हाई?”

मी सांगितलं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“आई हाय का त्याला?”

आई लहानपणीच गेली, वडील आहेत, असं मी म्हणालो. तिने फडकं पाटीच्या कडेला खोचलं. मग उठून माझ्याबरोबर पाव कोस वाट चालली आणि पुढची चिंधी कुठल्या झाडाला आहे, ते बोटाने दाखवून परत फिरली.

तिथून पुढचा कडेकडेचा पट्टा मी आजवर पळालेल्या वाटांत सर्वांत सुंदर आहे. पायाखाली मऊ माती, डावीकडे धावड्याची दाट झाडी, मधूनच मोरांचं ओरडणं, आणि एका वळणावर अचानक खाली पसरलेला तलाव. ते पाणी पहिल्यांदा दिसताच मी थांबलो. हे दाखवायलाच तो मला बोलावत होता. तो असता तर पाण्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला असता.

त्याच वळणावरच्या धावड्याला शेवटची चिंधी होती. त्यापुढे मी तासभर प्रत्येक फांदी बघत उतरलो, पण एकही सापडली नाही. घाणेरीच्या जाळ्यांतून वाट काढताना पिंढऱ्या रक्ताळल्या. तलावाच्या काठाला लागलो तेव्हा मनाशी हिशेब केला. शेवटच्या दोनेक किलोमीटरवर चिंध्या बांधायच्या राहिल्या होत्या.

तलावावर घ्यायला आलेल्या रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं, की हे चाचांना सांगायचं नाही. पोराचं काम अर्धवट राहिलं, हे कुठल्या बापाला ऐकवेल? चाचा गॅरेजच्या पायरीवर बसले होते.

“पुरी झालती का?”

“पूर्ण झालीय चाचा. थेट पाण्यापर्यंत.”

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. तो पडला.

“म्हंजे खोटंच बोलला त्यो,” ते हळूच म्हणाले. “त्या दिशी गिऱ्हाईकाचं काम पडलतं. मी म्हनलो, आज जाऊ नको. त्यो म्हनला, अब्बा, शेवटचं थोडं राहिलंय, आजच्या दिवस जाऊ द्या. मी त्याला झूटा म्हनलो. त्यो निघाला तर मी वर बघितलंबी न्हाई.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी खरं काय ते सांगितलं, पुनःपुन्हा सांगितलं, पिंढऱ्यांवरचे ओरखडे दाखवले. चाचांनी ऐकून घेतलं. “आता तुझं कोनतं खरं समजू, बेटा?” त्यांनी रागाने विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन रिक्षात बसले होते. तलावाच्या काठापासून झाडी सुरू होते तिथवर आम्ही दोघे चाललो. हिरव्यात हिरवं डोळ्यांना कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते हाताने शोधत होते. एकेका बाभळीच्या, हिवराच्या फांदीवरून काटे चुकवत हात फिरवायचे आणि पुढच्या झाडाकडे जायचे. गुडघा दुखला की खोडाला टेकायचे. मी मदतीला गेलो तर हातानेच बाजूला सारलं. जिथवर पाय चालला तिथवर ते चढले आणि एका खडकावर बसले. बोटांतून रक्त आलं होतं.

“एकबी न्हाई,” ते म्हणाले. मग वर डोंगराकडे बघून, “न्हाई रे, एकबी न्हाई.” ते माझ्याशी बोलत नव्हते.

बापाचं दुःख कशाने हलकं होतं हे मला कळतं, असं मी आदल्या दिवशी धरून चाललो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारच्या गाडीने मी निघालो. चाचा स्थानकावर आले नाहीत. मला जरा इम्रानकडं जायचंय, एवढं सांगून ते तलावावरून येताना वाटेतच उतरले होते. स्थानकावर पिशवी काढून देताना रिक्षावाला म्हणाला, दफन झाल्यापासून चाचा कबरस्तानाच्या फाटकापर्यंत यायचे, आत कधी गेले नव्हते.