रुपरावांच्या चिनी मुठी

रुपराव वैरागडे यांना आयुष्यात फार काही नको होतं. मोटार नको, बंगला नको, मिलमध्ये बढतीसुद्धा नको, कारण बढती मिळाली की टाइम ऑफिसातली खुर्ची सुटते आणि त्या खुर्चीवर त्यांनी घरून आणलेली गादी होती. त्यांची मागणी एवढीशीच. आपल्या घरात जे आहे, ते नागपुरातल्या जुन्या शुक्रवारीच्या त्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्याही घरात नसावं. वस्तू लहान असो, पण तिला जोड नसावी. इतर माणसं देवापुढे हात जोडून स्वतःसाठी काहीतरी मागतात. रुपराव शेजाऱ्यासाठी मागत. समोरच्या देवाजीला हे सुचू देऊ नकोस, बस.

देव काही ऐकायला तयार नव्हता. रुपरावांनी दाराला पोपटी रंग दिला, तर दिवाळीपर्यंत गल्लीतली पाच दारं पोपटी झाली. रुपराव म्हणाले, चोरी! खरी गोष्ट अशी की कोणा ठेकेदाराचा उरलेला रंग सक्करदऱ्याच्या बाजारात स्वस्तात मिळत होता आणि जो तो तोच आणत होता. पण हे रुपरावांना सांगणार कोण? मग त्यांनी फाटकाला पितळेची घंटी टांगली. समोरचा देवाजी पोस्टात नोकरीला, तोंडावर सदा हसू आणि पोटात त्याहून जास्त. त्याने महिन्याच्या आत तिच्या दुप्पट घंटी आणली आणि टांगल्याबरोबर वाजवून विचारलं, "आवाज येते का गा तिकडं, रुपरावजी?"

रुपरावांनी त्याच दिवशी आपली घंटी उतरवली.

अशा माणसाच्या बैठकीत एक सागवानी आलमारी होती. वर काचेची दारं, खाली ड्रॉवर. ड्रॉवरच्या लाकडी मुठी हाताळून हाताळून सुपारीएवढ्या झालेल्या, आणि एक तर केव्हाच गेलेली. तिच्या जागी प्रेमिलाबाईंनी, म्हणजे रुपरावांच्या बायकोनं, पायजम्याचा नाडा ओवला होता. घरचं काम चाललं होतं. पण एका रविवारी देवाजी पेपर वाचायला आला. दुसऱ्याच्या घरी बसल्या बसल्या ड्रॉवर उघडून पाहायची त्याला सवय होती, आणि सुपारी शोधता शोधता त्याच्या हातात ड्रॉवरच्या ऐवजी नुसती मूठ आली. त्याने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली.

"रुपरावजी, तुमच्या आलमारीचे तं दात पडून राहिले."

संध्याकाळपर्यंत आलमारीचे दात गल्लीभर झाले. भाजीवालीनंसुद्धा प्रेमिलाबाईंना विचारलं, "दुखते का वं फार?"

त्या रात्री रुपरावांना जेवण गेलं नाही. त्यांनी ठरवलं, आता मुठी बदलायच्या. आणि अशा बदलायच्या, की अख्ख्या गल्लीत काय, शुक्रवारी तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत कोणाकडे नसतील.

पुढच्या रविवारी ते निघाले ते ड्रॉवर घेऊनच. भरलेला ड्रॉवर सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधला. आत सेफ्टी पिना, मेणबत्त्या, एक चष्म्याची काडी, प्रेमिलाबाईंची सुईदोऱ्याची डबी, सगळं खुळखुळत. नाक्यावर देवाजी उभाच.

"काहून गा, घर खाली करून राहिले का?"

"मूठ पाहाले चाललो."

"मंग मूठ आणा ना घरी. ड्रॉवर काहून नेता?"

"नवरा पसंत कराचा तं नवरी नको का समोर?" रुपराव म्हणाले आणि पायडल मारलं.

इतवारीत लोखंडी सामानाच्या दुकानांची एक ओळच आहे. रुपराव त्या ओळीत शिरले आणि दुकानामागून दुकान नापास करत गेले. अॅल्युमिनियमचं हँडल दाखवलं, तर म्हणाले, दवाखान्यातलं वाटतं. प्लॅस्टिकचं दाखवलं, तर म्हणाले, हे डब्याचं झाकण आहे. पितळेची मूठ देवघराची ठरली, चकचकीत नागमोडी हँडल बँकेत पाहिलेलं निघालं. पण हे सगळं वरवरचं. खरा प्रश्न ते शेवटी विचारत, अगदी सहज, ड्रॉवरवरची धूळ पुसल्यासारखं करून: "ह्या आणखी कोणी नेल्या का?"

बिचारे दुकानदार छाती फुगवून सांगत, "खूब चलती है भाऊ! अर्धं नागपूर हीच लावून राहिलं!"

आणि रुपराव ड्रॉवर उचलत.

ओमप्रकाश नावाचा एक हार्डवेअरवाला मात्र पक्का होता. या बाबूला मूठ नको आहे, दुसऱ्याकडे नसलेली मूठ हवी आहे, हे त्याला तिसऱ्या नकारालाच कळलं. तो स्टुलावर चढला, सगळ्यात वरच्या फळीच्याही मागं हात घातला आणि एक लाकडी पेटी काढली. पेटीवरची धूळ पाहता ती त्याच्या वडिलांच्या हयातीतच विकायची राहून गेली असावी. आत गवताच्या काड्यांत चिनी मातीच्या मुठी. पांढऱ्याशुभ्र, मधोमध निळं फूल, कडेला सोनेरी रेघ.

"ये मैं दिखाता नहीं किसी को," ओमप्रकाश म्हणाला.

"कोणी नेल्या का?"

"कसम से बाबूजी, आज तक एक भी नहीं गयी."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. माणूस खरं बोलूनही काय काय करू शकतो!

रुपरावांनी एक मूठ ड्रॉवरला लावून पाहिली. मान इकडून, मान तिकडून. "आन उद्या कोणी मांगल्या तं?"

"दुकान है बाबूजी. माँगेगा तो देनाच पडेगा ना."

एवढं पुरे होतं. रुपरावांच्या डोळ्यांसमोर देवाजी आला, सायकल भिंतीला टेकवून, हसत, खिशात हात घालत. आलमारीला मुठी हव्या होत्या मोजक्या. रुपरावांनी पेटी घेतली पूर्ण. संक्रांतीच्या खर्चाला म्हणून प्रेमिलाबाईंनी दिलेलं सगळं त्या पेटीत गेलं. परतताना पेटी कॅरियरवर, ड्रॉवर डोक्यावर आणि सायकल हातात, अशी त्यांची वरात गल्लीत आली. जुन्या मुठी त्यांनी तशाच बंबात घातल्या.

सुतार बोलवायचा नाही, हे आधीच ठरलेलं. सुतार चार घरी जातो, चार घरी बोलतो. रुपरावांनी स्वतः पेचकस घेतला आणि दुपारभर खपून मुठी बसवल्या. चिनी मातीची मूठ जाड, तिच्या मानेसाठी पाडलेलं भोक बोट जाईल एवढं, तिचा पेच लांब आणि ड्रॉवरची फळी पातळ. तेव्हा बाहेरून निळं फूल आणि आतून बोटभर टोक, असा प्रकार झाला.

"अवो," प्रेमिलाबाई बोट चोखत म्हणाल्या, "आतून खिळे निघून राहिले. पाहा, रक्त आलं."

"आतून कोण पाहाते?"

"पाहात नाही कोणी. हात माहा जाते ना आत!"

"मंग हात नको घालू."

हे ते गमतीनं बोलत नव्हते. मुठीला हात लावायचा तर रुमालानं लावायचा, आणि शक्यतो लावायचाच नाही, असा नियम झाला. प्रेमिलाबाई चमच्याची दांडी खालच्या फटीत घालून ड्रॉवर पुढं ढकलत. ड्रॉवर उघडता यावा म्हणून आणलेल्या मुठींमुळे ड्रॉवर उघडणं बंद झालं. पण शोभा होती! रुपराव मिलमधून आले की हातपाय धुवायच्या आधी एकेका फुलावर फुंकर मारत.

देवाजी दुसऱ्याच दिवशी आला. या वेळी त्याने पेपर मागितलासुद्धा नाही. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"कुठून आणल्या गा?"

"बाहेरून."

"बाहेरून म्हणजे? भिवापूरहून?"

"भिवापूरले मिरच्या भेटते, देवाजी. हे समजाचं काम नाही तुह्यं."

देवाजी दोन रविवार इतवारी पालथी घालत होता. ओमप्रकाशच्या दुकानातही गेला. ओमप्रकाशनं हात झटकले, म्हणाला, "खतम. पूरी पेटी एक साहब ले गये." देवाजीनं पानठेल्यावर हे चारचौघांत कबूल केलं, तेव्हा रुपराव पान चघळत आभाळाकडे पाहत होते. "साहब" हा शब्द त्यांनी पानाबरोबर सावकाश गिळला. त्या महिन्यात त्यांचं वजनही वाढलं म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे एक वस्तू होती आणि समोरच्याकडे नव्हती. यापेक्षा मोठा मोक्ष त्यांच्या ऐकिवात नव्हता.

अशात संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हातावर काहीतरी वाण ठेवायचं ही रीत. देवाजीच्या बायकोनं, इंदूबाईनं, मागच्या वर्षी चहाच्या गाळण्या वाटल्या होत्या. प्रेमिलाबाईंच्या मनात स्टीलच्या वाट्या होत्या.

"अवो, वाणाचं कसं कराचं?"

"आता नवीन काही आणाचं नाही."

"मंग बायका काय खाली हातानं पाठवू?"

"घरात इतकं सामान पडून हाये, त्यातलंच दे काही."

"पडून हाये म्हणजे, कोणतंही?"

"जे कामात नाही ते दे! बायकाइचं काम हाये ते, माले काहून विचारतं?"

"पाहा बरं."

"पाहिलं!" रुपराव म्हणाले आणि पेपर उघडला.

प्रेमिलाबाईंनी बोटाला बांधलेली चिंधी नीट केली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना घरात जागा नसते. रुपराव पानठेल्यावर जाऊन उभे राहिले. देवाजीही होता. विषय कोणी काढला हे सांगायला नको.

"तुले खरं सांगतो," रुपराव म्हणत होते, "अशी मूठ आता बनतच नाही. पैसा असून भेटत नाही. नशीब लागते."

तेवढ्यात बायका परतायला लागल्या. पुढं इंदूबाई, मूठ आवळलेली, चेहरा फुललेला.

"अवो, पाहा तरी प्रेमिलाबाईनं काय वाण देल्लं!"

तिनं मूठ उघडली. देवाजीनं ती वस्तू घेतली आणि ठेल्याच्या कंदिलाखाली धरली. पांढरीशुभ्र. मधोमध निळं फूल. कडेला सोनेरी रेघ.

"रुपरावजी," देवाजी अगदी हळू आवाजात म्हणाला, "ही बाहेरचीच ना गा?"

इंदूबाईच्या मागं गल्लीतलीच जिजाबाई होती, तिच्या हातात एक. तिच्या मागं आणखी बायका, आणखी फुलं. पानठेलेवाल्यानं हातातलं पान रुपरावांसमोर धरलं, पण घ्यायला ते तिथं नव्हतेच.

घरी प्रेमिलाबाई उरलेले तिळगूळ डब्यात भरत होत्या. कोपऱ्यात पेटी, पेटीत नुसत्या गवताच्या काड्या.

"काय केलं वं हे!"

"तुमीच म्हणलं ना, कामात नाही ते दे. पडून होत्या पेटीत. पेचासकट देल्ल्या, अर्ध्यामुर्ध्या नाही."

"जा! आताच्या आता परत आण!"

"वाण?" प्रेमिलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "सवाष्णीच्या हातावर ठेवलेलं वाण परत मांगू? उद्या माह्या कपाळाले कुंकू लावन का कोणी? तुमीच जा मांगाले. म्हणा, हळदीकुंकू राहू द्या, मूठ देऊन द्या."

रुपराव गेले नाहीत. तेवढी अक्कल त्यांना होती.

वाण फेकायचं नाही, वापरायचं, असाही दंडक आहे. आणि एकुलत्या एका मुठीचं करायचं काय, हा प्रश्न गल्लीनं फार हौसेनं सोडवला. जिजाबाईनं ती वरणाच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, झाकणाला लावली. कोणी दुधाच्या जाळीच्या आलमारीला, कोणी शिलाई मशीनला. एकीनं दळणाच्या डब्यावर बसवली, तर डबा दळायला गेला आणि चक्कीवाल्यानं विचारलं, "हा कोणाचा गा, राजाचा?" देवाजीनं मात्र घाई केली नाही. दोन दिवस विचार केला, सुतार बोलावला, पेच मापात कापून घेतला आणि मूठ बसवली ती अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाच्या दाराला. रस्त्यावरून नीट दिसावी म्हणून जरा उंचावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव दात घासत ओट्यावर उभे होते. समोरून देवाजी टमरेल घेऊन निघाला. दाराशी थांबला, मुठीवर फुंकर मारली, रुमालानं पुसली.

"रुपरावजी!" तो ओरडला. "मस्त पकड हाये गा हिची!"

त्या दिवशी मिलमध्ये टाइम ऑफिसची खिडकी उशिरा उघडली. रुपराव बैठकीत जमिनीवर बसले होते, पेचकस हातात. एकेक मूठ उतरत होती. प्रेमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता ह्या काहून काढून राहिले?"

रुपरावांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर घाम होता, पण डोळ्यांत काहीतरी परतलं होतं. "अख्ख्या गल्लीत ही मूठ नसलेलं आता एकच घर हाये."

"कोणतं?"

"आपलं."

प्रेमिलाबाईंनी पदर पसरला आणि जमिनीवरच्या मुठी त्यात भरल्या. "बरं झालं. तलावाकडच्या बायका राहिल्याच होत्या. रथसप्तमीले टाइम हाये अजून."

आलमारीला आता फक्त गोल भोकं होती. रुपरावांनी एका भोकात बोट घालून ओढलं. ड्रॉवर अलगद बाहेर आला. ना रुमाल, ना चमचा. त्यांनी तो मिटला. पुन्हा उघडला. बोट बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं. अशी आलमारी तर कोणाकडेच नव्हती.

मग ते लगबगीनं उठले आणि समोरचं दार आतून लावून घेतलं. देवाजीनं पाहिलं म्हणजे संपलं.